जवसाचं बोटभर तेल

"गोकुळाबाई, हा दांडा हाये, कढई नाई! इतकी घासशीन तं भोक पडन त्याले."

लच्छू ओरडला तशी गोकुळाने मान वर केली, पण हात काही थांबवला नाही. खाणीच्या वसाहतीतल्या क्लबामागे, नळाशी बसून ती मेश्राम साहेबांच्या गोल्फच्या काठ्या धूत होती. अकरा वर्षं याच नळावर तिने क्लबाची भांडी घासली होती. गेल्या महिन्यात स्वयंपाकघर ठेकेदाराकडे गेलं, त्याने आपली माणसं आणली आणि गोकुळा घरी बसली. घर म्हणजे तरी काय, क्लबामागची एक खोली. तीही कामाबरोबर मिळालेली, आता कामाबरोबरच जायची.

सेक्रेटरी साहेबांकडे तिने खेट्यावर खेटे घातले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "रविवारी कपचा शेवटचा सामना आहे. काठ्यांची बॅग उचलायला एक माणूस कमी पडतोय. जमेल? जमलं तर कायम ठेवतो."

जमेल म्हणायला गोकुळाला कितीसा वेळ लागणार! नाही जमलं तर बोचकं बांधून आरमोरीला भावाच्या दारात उभं राहायचं होतं, आणि लेक पायल तर इथल्या शाळेत दहावीला. नवरा झिंगू तलावात जाळं टाकायचा. पण तलावातल्या मासोळ्या काही डोक्यावर छप्पर देत नाहीत.

लच्छू हा बॅगवाल्यांचा मुकादम. बाईमाणसाने बॅग उचलावी हे त्याला मुळीच पटलं नव्हतं. तरी शिकवायचं ते त्याने नीट शिकवलं.

"पाय, पावसाळा आत्ताच सरला. काळी माती दांड्याले चिकटते. साहेबानं मारला का लगेच वल्ल्या फडक्यानं पुसाचा, खाचीतली माती काढाची, मंग कोरड्यानं. माती राह्यली का गोटी भलतीकडेच जाते. समजलं?"

"समजलं. मले काऊन पुसाले शिकवून राह्यला, भाऊ?"

लच्छू गेला. काठ्या आरशासारख्या लख्ख झाल्या. मग गोकुळाने घरून वाटीत जवसाचं तेल आणलं आणि लोखंडाच्या प्रत्येक काठीवर बोटभर फिरवलं. धुतलेलं लोखंड तसंच ठेवलं की गंजतं. विळा असो, तवा असो, तेलाचा हात फिरवल्याशिवाय तिच्या आईने कधी ठेवला नाही. हे कोणी कोणाला सांगावं लागतं का? तिने कोणाला विचारलं नाही आणि कोणी तिला सांगितलंही नाही.

रविवारी सकाळी नऊ भोकांचा सामना सुरू झाला. समोर नागपूरचे पाहुणे, त्यांची बॅग लच्छूच्या खांद्यावर. मेश्राम साहेब खाणीतले मोठे इंजिनिअर. चाळिशी उलटल्यावर हा खेळ शिकले आणि आज पहिल्यांदाच शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले होते. लाकडी डोक्याच्या काठीने त्यांनी पहिला फटका झकास मारला. दुसऱ्याला लोखंडी काठी घेतली, तर चेंडू सटकन निसटला आणि थेट नाल्याकाठच्या बेशरमाच्या झाडीत! दुसऱ्या भोकाला पुन्हा तेच झालं.

"हातच बिघडला माझा," साहेब कोपर चोळत पुटपुटले.

गोकुळा काठी पुसत होती. ओल्या फडक्यातलं पाणी लोखंडावर ठरेना. थेंब थेंब होऊन घरंगळू लागलं. ते पाहून तिने लोखंडावर बोट फिरवलं, तर बोट तेलकट. भांड्याचं तेल निघालं नाही की पाणी असंच पळतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. साहेब कोपराला दोष देत घरी गेले असते. पण ते आपलं कोपर असं चोळत होते, की गोकुळाला बघवेना.

तिने बॅग खाली ठेवली. "साहेब, तुमचा हात नाई बिघडला जी. मीच दांड्यांले तेल लावलं काल."

"काय लावलं?"

"जवसाचं तेल. लोखंड हाये, गंजन म्हनून."

लच्छूने कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! म्या म्हनलंच होतं, बाईमानसाचं काम नोहोय हे!"

साहेबांनी काठी नाकाशी नेली. वास घेतला. मग क्लबात कोणी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशा बोलीत, अगदी हळू म्हणाले, "माही माय विळ्याले लावे." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "निघेल का हे?"

"दोन मिनिटं द्या जी."

नाल्याजवळ माळ्यांची चहाची चूल होती. गोकुळा धावत गेली आणि पदरात चुलीतली राख घेऊन आली. पाहुण्यांचं पाणी पिऊन होईस्तोवर तिने एकेक काठी राखेने चोळली, ओल्याने पुसली, कोरड्याने पुसली. पुढे तर ती खरोखर रंगात आली. ओलं फडकं कमरेला, कोरडं खांद्यावर. एकाचं काम दुसऱ्याला नाही. खाचीतल्या मातीसाठी तिने बांबूची काडी तासून घेतली. साहेबांनी मागे न बघता हात पुढे करावा आणि हातात स्वच्छ काठी यावी, असं चाललं. चेंडू सरळ जाऊ लागला. आपण सामना खेळत नाही, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

सातव्या भोकापर्यंत लच्छूचं एकुलतं एक फडकं चिखलाचा गोळा झालं होतं. तो जवळ सरकून म्हणाला, "बाई, थोडं वल्लं फडकं दे वो."

तिने दिलं. पण आधी साहेबांची काठी पुसून घेतली.

मेश्राम साहेब एका फटक्याने हरले. टाळ्या झाल्या, कप नागपूरला निघाला. सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, "काय मेश्राम, बाई कशी काय?"

"पहिल्या दोन भोकांत तिच्या तेलापायी तीन फटके गेले."

गोकुळाची मान खाली गेली. मनातल्या मनात तिने बोचकं बांधायला घेतलं.

"पण तिने सांगितलं नसतं, तर मला जन्मात कळलं नसतं," साहेब म्हणाले. "माझी बॅग यापुढे हीच उचलेल."

सेक्रेटरी साहेबांनी मान डोलावली. लच्छू आत जाऊन बॅगवाल्यांचा पितळी बिल्ला घेऊन आला. त्यावर चौदा आकडा होता. तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला, "खिशाले लावाचा असते."

"माह्या लुगड्याले खिसा कुठी?"

गोकुळाने बिल्ला खांद्यावर, पदराला टोचला. खोली तिथून वीस पावलांवर, नळाच्या मागे. पण ती फाटकातून बाहेर पडली, शाळेवरून गेली, भर बाजारातून गेली, साऱ्या वसाहतीला वळसा घालून समोरच्या बाजूने दाराशी आली.

दारात झिंगू जाळ्याची गाठ मारत बसला होता. "खेळ तं कवाचाच सरला. इतका उशीर काऊन वो?"

"रस्ता लांबचा होता," गोकुळा म्हणाली आणि पदर जरा नीट करून त्याच्यासमोर उभी राहिली.