पंचवीस हिल्डा

मित्रांनो, मी शिकारीची एक जुनी बंदूक आहे आणि मला आवाजाची फार भीती वाटते. आचाऱ्याला फोडणीच्या वासाने मळमळावे, तसे हे आहे. लोक हसतात. पण माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही म्हणाल की हिचे घाबरणे रास्त होते.

माझा जन्म मॉन्टानातल्या हॉलो फोर्क गावी, टॉर्लीफ ब्रेक्के यांच्या गॅरेजात झाला. टॉर्लीफ शाळेची बस चालवत. पोरांना घरोघरी सोडले की ते गॅरेजात शिरत आणि जेवणाची तिसरी हाक येईपर्यंत बाहेर पडत नसत. त्या मुलखात दर गल्लीत एक तरी माणूस असा असतो, ज्याला दुकानातले काडतूस पसंत पडत नाही. तो एखाद्या भल्या मोठ्या काडतुसाची पितळी पुंगळी घेतो, तिची मान आवळतो, खांदे बदलतो, वेगळ्या मापाची गोळी बसवतो आणि जगात कुठेच विकत मिळत नाही असे काडतूस तयार करतो. अशा घरगुती काडतुसाला तिथे रानमांजर म्हणतात. हे रानमांजर दुसऱ्या कुठल्याही बंदुकीत बसत नाही. त्याच्या मापाचे घर नळीत कोरून घ्यावे लागते. कोरायच्या हत्याराला रीमर म्हणतात.

रानमांजराला आपलेच नाव द्यायची तिथे रीत आहे. टॉर्लीफनी बायकोचे दिले. माझ्या थोरल्या बहिणीच्या नळीवर त्यांनी ठोकले, 'पंचवीस हिल्डा'. पंचवीस हे गोळीच्या जाडीचे माप होते. हिल्डाबाईंना ते आपले वय वाटले आणि त्या आठवडाभर खूश होत्या.

दोन वर्षांनी टॉर्लीफना वाटले की हिल्डाचे खांदे जरा पुढे ढकलले तर आत दारू जास्त मावेल. त्यांनी नवा रीमर मागवला आणि माझे घर कोरले. ते थोरलीच्या घरापेक्षा नखाच्या जाडीएवढे लांब झाले. आता, जुन्या काडतुसात बदल केला की नावापुढे 'सुधारित' असा शब्द ठोकायचा, हीसुद्धा या लोकांची रीत. जो तो ठोकतो. टॉर्लीफनीही ठोकला आणि मला कौतुकाने स्वयंपाकघरात नेले.

"वाच," ते म्हणाले.

हिल्डाबाईंनी चष्मा लावून वाचले. मग चष्मा पुसून परत वाचले.

"पंचवीस हिल्डा सुधारित?"

"काडतूस गं! सगळेच लिहितात असं."

"जुन्या हिल्डात काय खोट होती?"

"खोट नाही. जरा आत जागा कमी पडत होती."

"आणि नव्या हिल्डाचं काय विशेष?"

"खांदे पुढे काढलेत. जास्त सोसते."

"असं? मग वीस वर्षं तुला सोसतेय ती कोण, शेजारीण?"

त्यानंतर नऊ दिवस त्या टॉर्लीफशी एक शब्द बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी टॉर्लीफनी पॉलिशपेपर काढला आणि माझ्या नळीवरचा 'सुधारित' घासून पार गुळगुळीत केला. त्या संध्याकाळी ताटात पुन्हा गरम जेवण आले.

मित्रांनो, संसार वाचला. पण आता जगात दोन बंदुका होत्या, दोघींच्या अंगावर एकच नाव होते आणि दोघींची घरे वेगळी होती. यात भिण्यासारखे काय, असे तुम्ही विचाराल. थोरलीचे आखूड काडतूस माझ्या लांब घरात घातले तर ते सैल पडते. बार उडाला की पुंगळी ताणली जाते, बुडाशी फाटते आणि तापलेला धूर व पितळेच्या कपच्या मागे येतात. मागे म्हणजे जिथे मारणाऱ्याचा डोळा असतो तिथे. हा फरक टॉर्लीफना पक्का ठाऊक होता. कागदावर मात्र त्यांनी कधीच उतरवला नाही. "माझ्या डोक्यात आहे ना!" असे ते म्हणत.

पुढे सव्वीस मोसम मी काम केले. कॉफीच्या दुकानात माझ्या नेमाची तारीफ होई. मी मात्र दर बाराला मनातल्या मनात डोळे मिटून घेई. थोरलीला टॉर्लीफनी अलास्कातल्या मावसभावाला दिले. तो होडीसकट उलटला. पोहत काठाला आला तो एकटाच. थोरली अजून नदीच्या तळाशी आहे आणि सुखात असावी. तिची सतरा काडतुसे तेवढी कॉफीच्या डब्यात मागे राहिली. डब्यावर लिहिले होते, 'हिल्डा'.

एके दिवशी टॉर्लीफ जेवताजेवता गेले. त्यांचे डोके त्यांच्याबरोबर गेले आणि डोक्यातले सगळेही. मी चार वर्षे कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे उभी होते. त्या यंत्राशी माझे जमले नाही. ते फार ओरडते.

मग मारेन आली. ही हिल्डाबाईंची नात, वय तेवीस, चष्म्याच्या दुकानात नोकरीला. तिला सोडतीत एल्कच्या शिकारीचा परवाना लागला होता. एल्क म्हणजे घोड्याएवढे हरीण. तिचा मामा अकरा वर्षे अर्ज करत होता. त्याने मारेनशी बोलणे टाकले होते.

"आजी, आजोबांची बंदूक नेऊ? मला तिच्यानेच जायचंय."

"ने बाई. झाडू ठेवायला जागा होईल."

मारेनने माळा धुंडाळला आणि वरूनच ओरडली, "आजी! सतरा हिल्डा सापडल्या!"

"तुझ्या आजोबाला एकच भारी पडली होती," हिल्डाबाई खालून म्हणाल्या.

मारेनने डबा पाहिला, माझी नळी पाहिली. दोन्हीकडे एकच नाव. ती हसली. मी गार पडले. मी लोखंडाची असल्यामुळे ते कुणाला जाणवले नाही.

पण पोरगी अगदीच अविचारी नव्हती. चार वर्षे पडून असलेली बंदूक आधी कुणा जाणत्याला दाखवावी आणि जमले तर आणखी काडतुसे बनवून घ्यावीत, असे तिने ठरवले. मोसम उघडायला तीन आठवडे होते. पहिला कारागीर चाळीस मैलांवर होता. त्याने काडतुसांच्या मापांचे जाडजूड पुस्तक उघडले, बोट फिरवले आणि म्हणाला, "हिल्डा नाही. हॉवर्ड आहे. हॉवर्ड चालेल?"

मग मारेनने पशुखाद्याच्या दुकानात चिठ्ठी लावली : 'आजोबांचे जुने रानमांजर आहे. घर तपासून हवे. अनुभवी माणूसच यावा.' दुसऱ्या दिवशी वनखात्याचा अधिकारी पिंजरा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घेऊन दारात उभा.

"कुठंय? चावतं का?"

"अजून तरी नाही," मारेन म्हणाली आणि त्याने मला पाहिले. तो बराच वेळ पिंजऱ्याचे दार उघडझाप करत राहिला. आला आहात तर कॉफी घेऊन जा, असे त्याला सांगावे लागले.

तिसरा, शहरातला बक. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारे लेथ होते आणि मुळीच वेळ नव्हता.

"ही नळी फेक. नवी घालतो. दुकानात मिळणारं काडतूस बसेल."

"नळी आजोबांनी स्वतः कोरलीय हो."

"मग घरात काडतुसं आहेत म्हणतेस ना? नाव जुळतंय. मार की! कशाला भितेस?"

हे तो मला हातात धरून बोलत होता. मित्रांनो, मला तेव्हा ओरडून सांगायचे होते. पण मला ओरडायचा एकच मार्ग आहे आणि नेमका तोच धोक्याचा होता.

रविवारी सकाळी मारेन मला खडीच्या खाणीत घेऊन गेली. तिने नेमासाठी पुठ्ठ्याचे खोके उभे केले. कान झाकले. डोळ्यांवरचा जाड चष्मा मात्र गाडीतच राहिला. चष्म्याच्या दुकानातली मुलगी! मी ढगांकडे पाहिले. तिने थोरलीचे काडतूस माझ्या घरात सरकवले. ते ढिल्या बुटातल्या पायासारखे पुढे घसरले. खटका बंद झाला. तिचा गाल माझ्या दस्त्याला टेकला. गाल ऊबदार होता. तिचा उजवा डोळा माझ्यापासून चार बोटांवर होता. तपकिरी, कडेला एक ठिपका. मला वाटले, हा डोळा मीच शेवटचा बघणार.

तिने चाप ओढला.

टिक.

बार झाला नाही. ती आजोबांनी शिकवल्याप्रमाणे नळी पुढे धरून हळूहळू तीसपर्यंत मोजत थांबली. माझेही मोजणे चालू होते, पण मी चारच्या पुढे जाऊ शकले नाही. मग तिने खटका पुन्हा ताणला आणि पुन्हा गाल टेकवला. माझ्यात घाम येण्याची सोय नाही.

टिक.

"काय झालं गं तुला?" ती मला म्हणाली. सव्वीस मोसमांत माझी ही पहिलीच विचारपूस होती.

त्याच दुपारी ती मला वेंडेल क्रूझे यांच्याकडे घेऊन गेली. ते निवृत्त कारागीर. पन्नास वर्षे बंदुका वाजवून पाहिल्यामुळे त्यांचे दोन्ही कान गेले होते.

"ही वाजत नाहीये!" मारेन म्हणाली.

"नाचत नाही? बंदुका नाचत नाहीत, पोरी."

"वा-ज-त!"

"मग तसं सांग ना."

त्यांनी ते काडतूस उजेडात धरले. चाप ओढला की काडतुसाच्या बुडावर आदळते त्या सुईच्या तिथे दोन पुसट खुणा होत्या. वेंडेलनी ते बाजूला ठेवले.

"सुई नुसती टेकलीय. काडतूस पुढे घसरून बसतंय, म्हणून पोचत नाही. पोरी, हे हिचं काडतूसच नाही."

"पण नाव तेच आहे हो!"

"माझं नि माझ्या भावाचं आडनाव एक आहे. त्याची कवळी मला बसत नाही."

"आणि... वाजलं असतं तर?"

"तर मला जसं ऐकू येत नाही, तसं तुला दिसलं नसतं."

मारेन तिथल्या खोक्यावर बसली. वेंडेलनी तिला पाणी दिले. मग ते म्हणाले, "हिचं घर ज्यानं कोरलं तो रीमर शोध. दांड्यावर नाव असतंच. बंदुकीवरचं नाव माणूस ठोकतो, त्याला काय वाटेल ते. रीमरवर माप बघून कोरलेलं असतं."

"दिसतो कसा?"

"बोटाएवढा जाड, पोलादी. अंगावर उभ्या खाचा. टोकाकडे निमुळता."

मारेनचा चेहरा विचित्र झाला. "असलं मी पाहिलंय," ती म्हणाली. "पण सफरचंदात."

आम्ही पोचलो तेव्हा हिल्डाबाई ॲपल पायची तयारी करत होत्या आणि टॉर्लीफचा रीमर सफरचंदांचा गाभा काढत होता. फार सुरेख काढत होता, हे मान्य केले पाहिजे.

"आजी, ते इकडे दे."

"अजून सहा राहिलीत."

"आजी!"

मारेनने दांड्यावरचा चिकट रस पुसला आणि मोठ्याने वाचले. "पंचवीस हिल्डा सुधारित."

हिल्डाबाई ओट्याकडे वळल्या. "गॅरेजातलं सगळं विकलं. एवढं मात्र हातून सुटेना. माझ्यासाठी म्हणून मागवलं होतं त्यानं, मूर्खानं."

"मग बंदुकीवर तो शब्द का नाही?"

"मी घासायला लावला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? की एका शब्दापायी मी त्याच्याशी नऊ दिवस बोलले नाही? लाज वाटते गं."

मारेनने खाणीतली हकीकत सांगितली. हिल्डाबाई मध्ये एकदाच बोलल्या.

"चाप कितीदा ओढलास?"

"दोनदा."

हिल्डाबाईंनी ओव्हन बंद केला, हात धुतले आणि कोट चढवला. कोटाची बटणे त्यांना लावता येईनात. मारेनने लावून दिली.

"कुठे, आजी?"

"त्या बहिऱ्याकडे. मी घालवलेला शब्द मीच परत आणते."

वेंडेलनी रीमर माझ्या घरात हळूच सरकवला. तो नेमका बसला. त्याच रीमरने त्यांनी पुंगळ्या घडवायचा साचा कापला आणि आठवड्याभरात माझ्या मापाची आठ काडतुसे तयार केली. पण आधी त्यांनी मला शिकंज्यात आवळले आणि हातोडी उचलली.

"काय ठोकू?"

"सुधारित," हिल्डाबाई पुटपुटल्या.

"सुवासिक?"

"सुधारित!"

"बाई, मोठ्यानं बोला, माझ्या कानात..."

"सुधारित!" हिल्डाबाई अशा कडाडल्या की खिडकीची काच वाजली. "हिल्डा सुधारित! ऐकलंत? सुधारित हिल्डा!"

रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी आदराने टोप्या काढल्या. वेंडेल शांतपणे म्हणाले, "मी पहिल्या वेळीच ऐकलं होतं." आणि एकेक अक्षर ठोकू लागले. प्रत्येक घावाला हिल्डाबाई दचकत होत्या. मीही. आम्ही दोघी पहिल्यांदाच एकमेकींना समजून घेत होतो.

पहिला बार मला ट्रकच्या टायरला बांधून, चापाला दोरी लावून, सगळ्यांनी ढिगाऱ्याआड बसून काढला. पुंगळी अखंड बाहेर आली. मोसमाच्या पहिल्या शनिवारी मारेन मला घेऊन डोंगरात गेली, या वेळी चष्मा लावून. पाइनच्या झाडांतून एल्क बाहेर आला. मारेनने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला आणि चुकली. एल्क डोंगराआड निघून गेला. तो जाताना तिने दोन्ही डोळ्यांनी पाहिला.

मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. हात नाहीत, तरी जोडून. तुमच्या घरात एखादी वस्तू असेल, जिच्या आत एक आणि बाहेर दुसरेच लिहिले असेल, तर ज्याला खरे ठाऊक आहे त्याला आजच विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. लाज वाटली तरी लिहा. विशेषतः लाज वाटली तर लिहाच.

मी हे घाईने सांगते आहे, कारण काल मारेनला माळ्याच्या अगदी टोकाला टॉर्लीफनी केलेली आणखी एक बंदूक सापडली. तिला माझ्या शेजारी टांगले आहे. तिच्या नळीवर काहीच लिहिलेले नाही. मी तिला विचारले, तू कोण? ती म्हणाली, तेच मी तुला विचारणार होते.