सही कोणाची

सूनबाईला डिस्पॅचर व्हायचं होतं आणि सासऱ्यांनी ते मनावर घेतलं होतं. त्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. मजकुराशी देणंघेणं नाही. मूळ प्रतीत आहे तेच छापलं जातंय ना, एवढंच बघायचं. कायद्याचं पुस्तक असो की केसांच्या तेलाची जाहिरात, नजर तीच.

विमान उडण्याआधी जमिनीवर बसून त्याचा मार्ग, हवामान आणि इंधन ठरवतो तो डिस्पॅचर. उड्डाणाच्या कागदावर कॅप्टनच्या बरोबरीने त्याची सही लागते. सूनबाई सध्या विमानतळावर काउंटरवर बॅगा तोलायची. उभं राहून राहून पायांचे तुकडे पडायचे, वर प्रवाशांची बोलणी वेगळी. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती. म्हणजे ही मुलाखत हातची गेली की जन्मभर बॅगा.

आधी मुलाखत देऊन आलेल्यांनी आठवून आठवून लिहिलेले प्रश्न, उत्तरांसकट, तिने एका मैत्रिणीकडून मिळवले. तो गठ्ठा सासऱ्यांच्या हाती पडला. रोज दुपारी ते खुर्ची ओढून बसायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि प्रश्न वाचायचे. उत्तरात तिने पदरचा एक शब्द घातला की बोट वर. काना-मात्रेचा फरक चालायचा नाही. अर्थ तोच आहे हो, असं तिने सुरुवातीला सांगून पाहिलं. ते म्हणाले, अर्थ बघणारे वेगळे, मी अक्षर बघणारा. मग तिनेही वाद सोडला, कारण खरं सांगायचं तर तिला ते सोयीचं होतं. हवामानाचा अहवाल वाचायला डोकं लागतं, घोकायला नुसतं तोंड पुरतं. पुढे पुढे तर प्रश्न अर्धा व्हायच्या आत तिचं उत्तर सुरू व्हायचं आणि सासरे खूश.

लेखी परीक्षेत तिचं पेन कुठे अडलं नाही. तोंडी परीक्षेला टेबलापलीकडे दोघं होते, मुख्य डिस्पॅचर आणि एक कॅप्टन. मुख्य डिस्पॅचरने उड्डाणाचा एक कागद तिच्यापुढे सरकवला. विमान ओळखीचं, मार्ग ओळखीचा, वजनसुद्धा तेच. गठ्ठ्यातलाच प्रश्न! उचलली जीभ लावली टाळ्याला. पोहोचायच्या वेळी हवा स्वच्छ आहे, तेव्हा पर्यायी विमानतळ नेमायची गरज नाही आणि त्यासाठीचं जादा इंधनही नको, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

नक्की का, असं त्याने विचारलं. ती नक्की म्हणाली.

"मग करा सही."

तिने केली, चांगली झोकात केली.

मग त्याने तिला हवामानाची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं. गठ्ठ्यातल्या प्रश्नात दहा किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं. इथे दाट धुकं होतं, तीनशे मीटरच्या पलीकडचं दिसत नव्हतं. विमान तिथवर गेलं असतं, उतरू शकलं नसतं आणि दुसरीकडे जायला त्यात इंधन नसतं.

"या कागदावर मी निघालो असतो," कॅप्टन म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागावला असता तर तिला परवडलं असतं.

ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. तिथे गप्प बसली असती तरी थोडी अब्रू राहिली असती. पण बुडत्याला काडीचा आधार.

"मला असंच पाठ करून घेतलं होतं," ती म्हणाली. "एक शब्द बदलू देत नव्हते."

कोणी, असं मुख्य डिस्पॅचरने विचारलं.

"सासऱ्यांनी."

त्याने कागद आपल्याकडे ओढला आणि तिची सही बघितली. "मग सही त्यांचीच घ्यायला हवी होती."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. नोकरी हुकल्याचं दुःख होतंच, पण लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. कागद तिच्या हातात होता, डोळे तिला होते आणि त्या परक्या माणसांपुढे तिने म्हाताऱ्याला पुढे केलं होतं.

सासरे दारातच उभे होते. तिने धुक्याचं सांगितलं, सहीचं सांगितलं आणि तिथेच थांबली. ते खुर्चीत बसले. बराच वेळ चष्म्याची काडी उघडमीट करत राहिले.

"म्हणजे चूक माझी," ते म्हणाले. "मीच तुला शब्द हलवू दिला नाही."

नाही, असं तिला म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत येऊन राहिलं.

"अगं, मग तसं सांगायचंस ना त्यांना. म्हाताऱ्याने चुकीचं शिकवलं म्हणायचं. माझं काय जातंय? एखादी संधी दिली असती तुला."

"सांगितलं, बाबा."

त्यांनी मान डोलावली.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.