धुरकट काचेची टॅक्सी

"योशिहारु! अरे, झोपलास की काय वर?"

खालून सासऱ्यांची हाक आली, तेव्हा योशिहारु अंथरुणे ठेवण्याच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात मान मोडून बसला होता आणि त्याच्या चिमट्याच्या टोकाशी तांदळाच्या कणीहूनही लहान अशी एक तरफ थरथरत होती.

"आलो, बाबा!" तो म्हणाला, परंतु हात मात्र त्याने हलू दिला नाही.

ती तरफ तळहातावर मावेल अशा खेळण्यातल्या टॅक्सीची होती. चालकाने ती ओढली की मागचे दार आपोआप उघडते. खऱ्या टॅक्सीत उतारूने दाराला हातही लावायचा नसतो. दुकानात मिळालेल्या जोडणीच्या संचातील मोटार साधी, घरगुती होती. तिच्यात ना तरफ होती, ना भाड्याचा मीटर, ना आसनांवरची शुभ्र आवरणे. ते सर्व योशिहारुने स्वतःच्या हातांनी घडविले होते. मीटर प्लास्टिकच्या पातळ पट्टीतून कापून काढला. त्याची तार म्हणून चटईच्या किनारीचा दोरा उसवून त्यातील एकच पदर घेतला. आवरणांसाठी फुसाएच्या, म्हणजे पत्नीच्या, जुन्या रुमालाचा बळी गेला होता. घरात दोन खोल्या रिकाम्या असूनही हा उद्योग कपाटात चाले. कारण इनाबांचा जावई खेळण्यांशी खेळतो हे गिऱ्हाइकांच्या दृष्टीस पडू नये, अशी सासऱ्यांची आज्ञा होती.

योशिहारुचे वडील शिमिझु बंदरावर टॅक्सी चालवीत. दोन मुलगे, थोरल्याने घर सांभाळायचे हे ठरलेलेच होते. धाकट्या योशिहारुला तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड गवती चटया, विणणाऱ्या इनाबांकडून मागणी आली. त्यांना मुलगा नव्हता, हवा होता तो घरजावई. लग्नाच्या दिवशी कुरामोची हे आडनाव कागदावरून पुसले गेले आणि तो इनाबा झाला. त्या दिवशी वडिलांनी त्याला आपल्याच टॅक्सीतून आणून सोडले. इनाबांच्या दुकानासमोर गाडी थांबवून त्यांनी तरफ ओढली. दार उघडले. समोरच्या काचेतून नजर न काढता ते म्हणाले, "उतर. आता हे तुझं घर." स्वतः मात्र ते खाली उतरले नाहीत. पुढे ते वारले, तेव्हा पोटचा मुलगा असूनही योशिहारु अंत्यविधीला इनाबांच्या वतीने आलेला पाहुणा म्हणून बसला.

उद्या सार्वजनिक सभागृहात छोट्या मोटारी घडविणाऱ्या हौशी मंडळींचे वार्षिक प्रदर्शन होते. प्रत्येक मोटारीपुढे ती घडविणाऱ्याच्या नावाची पाटी ठेवीत. त्या पाटीवर, आयुष्यात निदान एकदा, कुरामोची योशिहारु असे लिहिलेले पाहावे, हा निश्चय त्याने मनाशी केला होता. त्याची वाच्यता त्याने कोठेही केली नव्हती. मंडळाचे प्रमुख हात्तोरी यांनी फोनवर "नाव काय टाकू रे?" असे विचारले, तेव्हाही तो एवढेच बोलला होता, "उद्या येऊनच सांगतो."

"देवळाच्या चटया उद्या सकाळी पोचवायच्यात! किनार कोण शिवणार, तुझी मोटार?"

आता आवाज जिन्यावरून येत होता. योशिहारुने घाईघाईने क्षणात धरणारा गोंद घेतला आणि तरफ बसविली. त्याच गोंदाने टॅक्सीचे कवच तळाशी कायमचे जोडले, मोटार डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावले.

"पन्नाशी आली," दारात उभे राहून सासरे म्हणाले, "आणि आमचे जावईबापू अजून मोटारमोटार खेळतायत. नातवंडं असती तर त्यांनी हिसकावून घेतली असती."

"चला बाबा, शिवतो मी."

त्याने संपूर्ण संध्याकाळ चटईवर कोपर रोवून जाड सुईने दोरा ओढण्यात घालविली. इतक्या वर्षांत त्या कोपराला घट्टा पडला होता आणि त्यास वेदना म्हणून उरली नव्हती.

सकाळी त्याने डबा उघडला. टॅक्सीच्या सर्व काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

फुसाए चहा घेऊन आली. "काय झालं? असा का बसलायस?"

"वाफ कोंडली."

"कसली वाफ?"

"गोंदाची. उघड्यावर वाळू द्यायचा असतो तो. मी डबा बंद केला. अगं, नवशिक्यालाही कळतं हे."

"मग पुसून काढ की."

"आतून आहे ती."

फुसाएने मोटार उजेडाकडे धरली. "मग फोड ना. वरचं उचकट, आतलं वाचेल."

"उचकटलं तर आतलंच आधी मोडेल."

"राहू दे मग. नको नेऊस. बाबांनाही बरंच वाटेल."

"नेतो," तो म्हणाला. पाटी तर कोरीच होती. तिच्यावर अद्याप वाफ धरली नव्हती.

देवळात चटया अंथरून झाल्यावर परत येताना सासरे एकाएकी म्हणाले, "ते तुझं प्रदर्शन वाटेतच ना? थांबव गाडी. गुडघे आखडलेत, जरा पाय मोकळे करू."

योशिहारुला गाडी थांबवावी लागली.

हात्तोरींनी मोटार हातात घेतली मात्र, त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे! कोंडलास गोंद? आत काही केलं होतंस का रे?"

"थोडंफार."

"जाऊ दे. बाहेरचं काम झकास आहे. टपावरचा दिवा बघा, आजोबा. हा विकत मिळत नाही."

सासऱ्यांनी चष्मा चढविला. ते खाली वाकले आणि बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. एखाद्या चटईची किनार तपासावी तशी त्यांची बोटे हवेतूनच मोटारीच्या कडेने फिरली.

"हे तू केलंस? हाताने?"

"हो, बाबा."

"किनार सरळ आहे."

इतक्या वर्षांत हे शब्द त्या मुखातून योशिहारुसाठी कधीही बाहेर पडले नव्हते. नेमक्या त्याच क्षणी हात्तोरींनी कोरी पाटी पुढे ओढून विचारले, "हां, बोल. नाव काय लिहू?"

वाक्य तयार होते. किंबहुना, गाडी चालविताना त्याने ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घोळविले होते. त्याने तोंड उघडले.

"सरका हो तुम्ही," सासरे म्हणाले. "तुमची अक्षरं म्हणजे कोंबडी नाचल्यासारखी. आणा तो कुंचला, मी लिहितो."

"लिहा आजोबा, लिहा! आमचा कशाला अपमान!" हात्तोरी हसले.

म्हाताऱ्याने बाह्या सावरल्या, श्वास रोखला, आणि आपल्या दुकानाच्या दारातील नावाच्या पडद्यावर ज्या वळणाने लिहिले होते त्याच वळणाने, ठसठशीत, इनाबा असे लिहिले. त्याखाली योशिहारु. मग मान तिरकी करून ते पाहत राहिले. त्यांचे डोळे ओलसर दिसत होते.

"आमच्या घरात चटयांपलीकडे कुणी काही केलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "बघू दे लोकांना. बरं आलंय ना रे?"

योशिहारुने पाटीकडे पाहिले. शाई अजून ओली होती.

"सुरेख आलंय, बाबा," तो म्हणाला आणि कमरेत वाकला.

दुपारपर्यंत सभागृह भरले. सासरे दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "ती टॅक्सी आमची" असे सांगत होते. योशिहारु टॅक्सी ठेवलेल्या काचेच्या पेटीशेजारी हात जोडून उभा होता. एक वृद्ध बाई पेटीपाशी येऊन थबकल्या. टॅक्सीत डोकावता यावे म्हणून त्यांनी वाकून पाहिले, मग पिशवीतून रुमाल काढून पेटीची काच पुसली आणि पुन्हा वाकल्या. त्यांनी काच पुन्हा पुसली.

"आतलं काही दिसत नाही हो," त्या त्याला म्हणाल्या. "कोणी बसलंय का आत?"

"क्षमा करा," योशिहारु म्हणाला. रुमालाचा जो धागा काचेवर राहिला होता, तो त्याने बोटाने अलगद टिपून घेतला.