विषण्ण

मार्गशीर्षातली कलती दुपार होती. कृष्णाकाठच्या घाटावर धूसर, शीतल, श्रांत ऊन पसरले होते. पैलतीरीचे डोंगर धुक्याच्या नीलश्यामल वस्त्रात गुरफटून मूक झाले होते.

ओसरीवर नीळकंठशास्त्री, घरातले अप्पा, बसले होते, पाषाणकठोर, ताठ, निश्चल. दृष्टी गेल्याला चार वर्षे झाली. करारीपणा मात्र तसूभरही ढळला नव्हता. शब्दांच्या व्युत्पत्तींचा त्यांचा ग्रंथ ते सांगत आणि मालती, त्यांची लेक, लिहून घेई.

आज मालतीचे लिहिण्याकडे लक्ष नव्हते. सकाळी आलेले पत्र तिने कमरेला खोचले होते. पत्र तिच्या धाकट्या भावाच्या, उपेंद्रच्या बायकोचे. उपेंद्रने परजातीत लग्न केले, तेव्हा अप्पांनी त्याला उंबऱ्याबाहेर काढले होते. नऊ वर्षे या घरात त्याचे नाव कुणी उच्चारले नव्हते.

"पुढचा शब्द?" अप्पांनी विचारले.

"विषण्ण."

"लिही. वि हा उपसर्ग, सद् हा धातू. सद् म्हणजे बसणे, खाली जाणे, खचणे." त्यांचा स्वर कोरडा होता, संथ होता. "प्रसन्नही याच धातूचा. गाळ खाली बसला की पाणी प्रसन्न होते. माणूस खाली बसला की तो विषण्ण."

टाक थांबला. वारा थांबला. घाटाच्या पायऱ्यांवर पाणी तेवढे हुंदक्यासारखे आपटत राहिले.

"आता वाक्यात उपयोग," अप्पा म्हणाले. "तूच कर एखादे."

मालतीने कमरेचे पत्र चाचपले. आईच्या तेराव्यालाही न आलेला भाऊ. न आलेला नव्हे, येऊ न दिलेला. ती खाली पाहत म्हणाली, "धाकट्याला घालवून दिल्यापासून अप्पा विषण्ण बसून आहेत."

अप्पांच्या कपाळावरची शीर तटतटली. आता वीज कोसळणार म्हणून मालतीने डोळे मिटले. मग एक जीर्ण, भेगाळलेला आवाज आला, "लिहिलंस?"

"नाही अप्पा."

"लिही. खोडू नकोस."

तिने लिहिले. मग कमरेचे पत्र काढून उलगडले. "अप्पा, वहिनीचं पत्र आलंय. उपेंद्रला मिरजेच्या इस्पितळात ठेवलंय. परवा शस्त्रक्रिया आहे. तापाच्या भरात तुम्हाला हाका मारतो, असं लिहिलंय."

"सकाळी आलं ना पत्र?"

"हो."

"मग दुपारपर्यंत मला भीत बसलीस." हा राग नव्हता. राग असता तर बरे, असे तिला वाटले. "पोटची पोर मला इतकी भिते!"

ते उठू लागले. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला. मालतीने धावत येऊन दंडाला धरले. तिच्या खांद्यावर तो तपोवृद्ध, शिशिरशुष्क देह भाराने टेकला. अप्पांनी आजवर कुणाचा आधार घेतला नव्हता.

"मिरजेची एसटी किती वाजता?"

"साडेपाचला. पण अप्पा, तो भेटेल का तुम्हाला?"

"नाही भेटला तर दाराबाहेर बसेन," ते म्हणाले.

दोघे ओसरीच्या पायऱ्या उतरू लागले, एकेक, सावकाश, चाचपडत. पश्चिमेला सूर्य रक्तिम झाला होता. मावळतीची एक लांबच लांब केशरी रेघ पाण्यावर उतरली, थरथरली, तुटली, जुळली. आणि धुक्यात हळूहळू, हळूहळू वाहत गेली.