शांत दिसणारं पान

दादानं मोबाइल तिच्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "बघ, किती शांत वाटतंय."

तिनं बघितलं आणि हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. एका वेबसाइटचं, पांढऱ्यावर फिकट हिरवं पान. वरच्या अंगाला एक मोठी खिडकी, खिडकीतून आलेलं कोवळं ऊन, त्या उन्हात खुर्चीवर बसलेले एक आजोबा आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली हसरी परिचारिका. खाली भरपूर मोकळी जागा आणि गोलसर कडांचं एकच बटण: 'आमच्याशी बोला'. ते बटण तिनं केलं होतं. ते हिरवंही तिचंच होतं. आधीच्या दोन हिरव्या छटा तिनं नाकारल्या होत्या. एक दवाखान्यासारखी दिसत होती आणि एक भाजीच्या दुकानासारखी.

"कुठं सापडलं तुला हे?"

वहिनीनं शोधलं होतं. वृद्धांना ठेवून घेणाऱ्या बऱ्याच जागांची पानं तिनं बघितली, पण बाकीची उघडली की भंगाराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटत होतं. हे उघडलं आणि तिच्या जिवाला थंड वाटलं. दादा फोनवर बोललाही होता. येत्या सोमवारी बाबांना तिथं पोचवायचं ठरत होतं. दादाची बदली झाली होती आणि नव्या गावी कंपनी देणार होती ती जागा एका खोलीची. तिचं स्वतःचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाबांचा खुबा मोडून पुन्हा बसवलेला. तिसरा रस्ता कुणाला दिसत नव्हता.

"हे पान मी केलंय," ती म्हणाली.

दादाचा चेहरा उजळला. "मग तर प्रश्नच मिटला."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती म्हणाली की प्रश्न आता सुरू झालाय. ती परिचारिका कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं. ती खिडकी कुठल्या देशातली आहे तेही ठाऊक नव्हतं. दोन्ही विकतचे फोटो होते. ती स्वतः त्या जागी कधी गेलेली नव्हती. मजकूर मेलवर आला, तिनं तो मांडला, संपलं. दादानं हे सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइलकडे पुन्हा एकदा प्रेमानं बघितलं.

"पण तू उगाच कशाला इतकं चांगलं करशील?" तो म्हणाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाबा बसले होते. त्यांचा सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. आता हात थरथरायचे, कपातला चहा बशीत यायचा, पण कान शाबूत होते. ते म्हणाले, "मुलीनं केलंय ना? मग जातो की मी."

हे ऐकून तिला दादापेक्षा बाबांचाच जास्त राग आला.

ऑफिसात तिला सगळे रंगाताई म्हणत. चार टेबलांचं ऑफिस, वर साहेब. रंगाताईची एक पद्धत होती. नवं पान झालं की ते ती अनोळखी माणसाला क्षणभर दाखवायची, झाकायची आणि विचारायची, काय वाटलं? जिन्यात भेटलेला कुरियरवाला, शेजारच्या ऑफिसातली लेखनिक, कुणीही चालायचं. माणसानं एक अक्षर वाचलेलं नसायचं आणि मत मात्र पक्कं झालेलं असायचं. या पानाच्या वेळी तिनं विचारलं होतं, "इथं तुमच्या आईला ठेवाल का?" आणि लोक डोळे मिटून हो म्हणाले होते. त्या दिवशी ती खुशीत घरी गेली होती. आता ती खुशी आठवली की तिला स्वतःला चार शिव्या घालाव्याशा वाटत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती ती जागा बघायला गेली. फाटक चांगलं होतं. आत शिरल्यावर मात्र फिनेलचा आणि फिनेलखाली दबलेला दुसरा वास आला. खोल्या भरल्या होत्या, म्हणून बोळकंडीत दोन्ही बाजूंना खाटा मांडलेल्या. एक खाट थेट संडासाच्या दारापाशी होती. दार उघडलं की खाटेच्या पायावर आपटायचं आणि खाटेवरचे आजोबा दर वेळी दचकून डोळे उघडायचे. इतक्या माणसांमागे दोन मदतनीस, आणि त्यातली एक कपडे धुवायला गेलेली.

व्यवस्था बघणाऱ्या बाई दुष्ट नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या. पान हिनं केलंय हे कळल्यावर त्यांनी तिला खुर्ची दिली. म्हणाल्या, तुमचं पान लागल्यापासून फोन थांबतच नाही, मालक कुणालाच नाही म्हणू देत नाहीत, म्हणून या बाहेरच्या खाटा. आधी इतकी गर्दी नव्हती हो.

रंगाताईला बसवेना. ती उठली तेव्हा संडासापाशी असलेल्या आजोबांनी तिला हाक मारली. हिच्या हातात फाइल बघून त्यांना ही कुणी वरची बाई वाटली असावी.

"ताई, ती मोठ्या खिडकीची खोली कुणाकडे आहे?"

"कुठली खिडकी?"

"मुलानं फोटो दाखवला होता ना. ऊन येतं बघा तिथं. माझा नंबर कधी लागेल?"

तिनं बाईंकडे पाहिलं. बाई खाली बघत म्हणाल्या, "सगळेच विचारतात. आम्ही सांगतो, लागेल नंबर."

त्या वेळी तिच्या अंगाची जी लाहीलाही झाली ती घरी पोचेपर्यंत शमली नाही. तिनं मोबाइल काढला आणि बोळकंडी, खाटा, ते दार, सगळ्यांचे फोटो घेतले. आजोबांना विचारलं, तुमचाही घेऊ का? त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि सरळ होऊन बसले.

साहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचं कामच ते होतं. मग म्हणाले की आपण पान करून देतो, संस्था चालवत नाही. गिऱ्हाईक खूश आहे, आणि घरची काळजी ऑफिसात आणू नये. ती बाहेर आली, जागेवर बसली आणि कुणालाही न विचारता विकतची खिडकी काढून टाकली. तिथं बोळकंडी लावली. परिचारिकेच्या जागी खाटेवरचे आजोबा लावले. म्हटलं, आता बघू देत जगाला.

पण हाताला वळण पडलेलं असतं. फोटो तिरका होता, तो हातानं सरळ केला. काळोखा होता, हातानं उजळला. आजोबांच्या बाजूला मोकळी जागा सोडली, त्यांचा चेहरा जिथं नजर आधी जाते तिथं आणला. तिला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले. ती भांडायची तयारी करूनच बसली होती. साहेब म्हणाले, "न विचारता केलंस हे बरोबर नाही. पण कमाल केलीस. चौकशा वाढल्यात. खरी माणसं दिसली की विश्वास बसतो लोकांचा."

संध्याकाळी दादाचा फोन आला. फोटो बदलले ना, आता तर अजूनच घरगुती वाटतंय, ते आजोबा तर असे बसलेत जसे नातवाची वाट बघतायत. ती ओरडली की ते संडासाच्या दाराशी झोपतात.

दादा म्हणाला, "तीन वर्षं मी त्यांना अंघोळ घातलीय. तू पानं रंगवलीस. आता मला एक जागा बरी दिसतेय, तर तीही तुला बघवत नाही."

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिनं फोन ठेवला आणि भांडी इतकी आपटत घासली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन दादाकडे गेली. दादा-वहिनी सामान बांधायला खोकी आणायला गेले होते. बाबांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तिनं बाबांना सगळं सांगितलं, खाटा, दार, खिडकीची वाट बघणारे आजोबा. बाबांनी चष्मा पुसून पान नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांनी आयुष्यभर जसं दुसऱ्या रंगाऱ्याचं काम बघितलं होतं, तसंच बघितलं.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "इथंच घोळ झालाय. तुला वाईट पाटी काढता येते का?"

"कधी काढली नाही."

"मी काढलीय. एका उर्मट गिऱ्हाइकाला मुद्दाम काढून दिली होती. रस्त्यानं जाणारी माणसं पलीकडच्या बाजूनं जायला लागली." ते हसले, आणि हसताना खुबा दुखला म्हणून त्यांनी एक शिवी दिली. "बस इथं. सांगतो."

मग दोघं कामाला लागली. बाबा सांगत होते, ती करत होती. सुरुवातीची अक्षरं दांडगी घे आणि शेवटी जागा संपल्यासारखी कोंबून टाक. निळ्यावर लाल टाक, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. सावली उलट्या बाजूला दे. दोन ओळींमध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवू नकोस. तिचा हात पुन्हा पुन्हा कड सरळ करायला जायचा आणि बाबा तो हात धरून बाजूला करायचे. फोटोंना मात्र तिनं हात लावला नाही. उजळलेलं होतं तेवढं पुसून जसे काढले होते तसे ठेवले. शेवटी बटण लालभडक केलं, पान क्षणभर बाबांना दाखवलं आणि झाकलं.

"काय वाटलं?"

"इथं मेल्यावरसुद्धा नको," बाबा म्हणाले.

ती हसली, पण दात आवळूनच. ते पान तिनं साइटवर चढवलं.

दादा खोकी घेऊन आत आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे लॅपटॉप सरकवला. त्यानं तोंड वाकडं केलं, मग वाकून जवळून पाहिलं. वहिनीही त्याच्या खांद्यावरून बघायला लागली.

"हे काय, पॅसेजमध्ये झोपवतात?" दादा म्हणाला. "आणि हे दार कसलं?"

"फोटो तेच आहेत," ती म्हणाली. "तू परवापासून हेच बघतोयस. तुला घरगुती वाटत होतं."

तिला वाटलं होतं की हे बोलताना बरं वाटेल. वाटलं नाही. दादा खोक्यावरच बसला, खोकं त्याच्या वजनानं दबलं, आणि तो तसाच बसून राहिला. वहिनी वळली, दाराशी ठेवलेली पिशवी तिनं आत नेली.

सोमवारी सकाळी रंगाताईनं ऑफिसात संगणक उघडला तर तिचा पासवर्ड चालेना. साहेबांनी तिला आत बोलावलंही नाही, दारातूनच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्यांच्या मागच्या पडद्यावर पान दिसत होतं. ते पुन्हा फिकट हिरवं झालं होतं. मोठी खिडकी जागेवर आली होती, कोवळं ऊन आलं होतं, परिचारिका हसत होती.

"तिथं एक माणूस या खिडकीची वाट बघतोय," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिनं तो खाली आणला नाही. "निदान तेवढी तरी काढा."

साहेब म्हणाले की दार ओढून घ्या.

तिनं दार ओढलं नाही. सताड उघडं टाकून ती निघून आली. त्यानं काहीही बदलत नव्हतं, हे तिला माहीत होतं, आणि त्याचाच संताप जास्त होता.

बाबांना त्याच दुपारी तिच्याकडे आणलं. दादा मागे, ती पुढे, मध्ये बाबा, एका हातात काठी, दुसऱ्यानं कठडा धरून. दादानं उचलून न्यायचं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, उचलायचं एकदाच असतं, आज चालू दे. प्रत्येक मजल्यावर तिनं आधीच एकेक स्टूल मागून ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या शिकवणीवाल्याची पाटी वाचली आणि म्हणाले, "कुणी काढलीय ही? शेवटचं अक्षर भिंतीत शिरलंय." शिकवणीवाला दार उघडून बघायला आला आणि दादाला हसू आवरेना. तिसऱ्या मजल्यावर बाबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुझ्याकडे खिडकी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण समोर भिंत आहे," ती म्हणाली. "दुपारी जरा ऊन येतं. तेही रोज नाही."

"हे बरं केलंस सांगितलंस ते."

चौथ्या मजल्यावर दारात पोचल्यावर ते चौकटीला टेकून उभे राहिले. चढून आलेल्या जिन्याकडे एकदा वळून बघितलं. मग एकेक पाय हलवून चपला काढल्या आणि काठीच्या टोकानं तिच्याकडे सरकवल्या.

"चांगल्या आहेत अजून," ते म्हणाले. "कुणाला तरी देऊन टाक."

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिनं खाली वाकून चपला उचलल्या, पदरानं त्यांच्यावरची धूळ पुसली आणि दाराशी, आपल्या चपलांशेजारी, टोकं जिन्याकडे करून ठेवल्या.