कपाळावरचा पिवळा ठिपका

"कुणी हलू नका," सासूबाई म्हणाल्या आणि दातांचे डॉक्टर तोंड उघडं ठेवूनच थांबले. एरवी ते दुसऱ्यांना तसं थांबवत. एवढ्याशा बाल्कनीत कॅमेरेवाली मंडळी दाटीवाटीनं उभी होती आणि सून चहाचा ट्रे घेऊन दारातच अडकली होती.

समोरच्या झाडावरून एक चिमुकला पक्षी कठड्यावर आला. अंग मातकट, भुवई फिकट आणि कपाळावर हळदीसारखा पिवळाजर्द ठिपका. असा ठिपका आपल्याकडच्या पक्ष्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. सासूबाईंना तो काही दिवसांपासून दिसत होता. डॉक्टरांच्या पक्षी पाहणाऱ्या गटाला कळवलं मात्र सुनेनं, मोठ्या हौसेनं.

हौसेला कारण होतं. टेलिफोन ऑफिसात जन्मभर नुसत्या आवाजावरून माणसं ओळखणाऱ्या सासूबाईंचं घरात हल्ली कुणी खरं मानत नसे. एकदा गॅस बंद करायला विसरल्या काय, मुलगा त्यांच्या प्रत्येक वाक्याला "बरं बरं" करू लागला. कालही तो बायकोला म्हणाला होता, "आईला आता काहीही दिसतं. लोकांना बोलावून हसं करून घेऊ नकोस." नवऱ्याची बोलती बंद करायचीच, असं सुनेनं तेव्हाच ठरवलं.

आणि झालीही. डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. "मावशी, हा आपल्याकडचा नाहीच. वाट चुकून आलाय. नोंद तुमच्या नावानं होणार." मुलगासुद्धा खोलीतून बाहेर येऊन आईकडे कौतुकानं बघू लागला. सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मंडळी आत चहाला वळली. बाल्कनीत सासू-सून उरल्या. तेवढ्यात पक्षी पाण्याच्या ताटलीत उतरला, डोकं बुडवून मनसोक्त न्हाला आणि कठड्यावर बसून अंग झटकू लागला. कपाळ कोरं होतं.

"फुलातले पराग," सासूबाई पुटपुटल्या. "चोच खुपसताना लागलेले. साधा वटवट्या आहे गं हा."

"आई, कुणी पाहिलं नाहीये."

"आपण पाहिलं ना."

"आजच कुठे हे तुमचं ऐकायला लागलेत," सून अगदी काकुळतीला येऊन म्हणाली.

आत मुलगा कुणाला तरी सांगत होता, "आईची नजर पहिल्यापासूनच तेज." सासूबाईंनी ते ऐकलं. ऐकायला त्यांना फार बरं वाटलं. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि आत गेल्या.

"डॉक्टर, नोंद करू नका. चूक माझी. पराग होते, धुऊन गेले. पक्षी साधाच आहे, या बघायला."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला, बाहेर जाऊन पाहिलं आणि हसले. "मीही फसलोच की, मावशी. बरं झालं सांगितलंत." बाकीच्यांनी निमूटपणे कॅमेरे पिशव्यांत भरले.

"मी म्हणतच होतो," मुलगा बोलला.

"तुम्ही पक्षी एकदा तरी नीट बघितला होता का?" सुनेनं विचारलं.

पाहुण्यांना सोडायला सून खाली गेली. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण ऊर अभिमानानं भरून आला होता. जिन्यात शेजारीण वाटच बघत होती. "काय गं, दुर्मिळ निघाला का पक्षी?"

"नाही, अगदी साधा," सून म्हणाली, चार मजले ऐकतील अशा आवाजात. "आमच्या आईंनी ओळखला."