माझ्या नळीत अडकलेली अक्षता

मी एक जुना रीलोडिंग प्रेस आहे, मित्रांनो. नाव ऐकून घाबरू नका. बंदुकीची रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरणारं यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. भारतापासून दूर, बुकित बातोकच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या जाड लाकडी टेबलाला मला चार बोल्टांनी जखडलेलं आहे. इथे बुलेटप्रूफ जाकिटं तपासतात. त्यासाठी प्रत्येक गोळी नेमक्या तेवढ्याच वेगानं सुटावी लागते, आणि बाजारातली काडतुसं इतकी शिस्तीची नसतात. म्हणून ती इथेच, माझ्यावर, एकेक करून भरतात. आजवर मी एकाही माणसाला इजा केलेली नाही. माझी सगळी काडतुसं जाकिटांवर खर्ची पडली. जाकिटांचं माझ्याबद्दल काय मत आहे ते त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही.

तरीही आज मी जे सांगणार आहे ते अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका ओतशाळेत झाला. बिड वितळवलं, साच्यात ओतलं, घासलं, निळा रंग दिला. बाजूला एक लांब दांडा, डोक्यावर दारूचं भांडं आणि उजव्या अंगाला एक उभी नळी. दारू म्हणजे बंदुकीची, मित्रांनो. दुसरीशी माझा संबंध नाही. त्या उभ्या नळीत प्रायमर भरतात. प्रायमर म्हणजे मसुरीच्या डाळीएवढी धातूची टोपी. ती काडतुसाच्या बुडात बसते, तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते आणि गोळी सुटते. दांडा खाली-वर केला की नळीतून एकच टोपी खालच्या सरकपट्टीवर पडायची, पट्टीनं ती पुढे न्यायची आणि बुडात बसवायची. एका दांड्याला एक टोपी. दोन नाही, शून्य तर नाहीच. माझी सगळी इभ्रत या एका गोष्टीवर उभी आहे.

या कामावर आठ वर्षं धम्मानंद आहे. नागपूरकडचा इंजिनियर. बोलतो कमी. रोज सकाळी आठला येतो, मोबाइल दाराबाहेरच्या खणात ठेवतो, आत येऊन बारीक ब्रशनं माझी नळी झाडतो, सरकपट्टी पुसतो, स्प्रिंग बोटानं दाबून पाहतो. यात कौतुक नाही, गप्पा नाहीत. एखाद्यानं रोज आपले कान साफ करावेत आणि एक शब्द बोलू नये, असं मला वाटायचं. खरं सांगतो, मला तो रुक्ष वाटायचा.

माझा जीव होता अरुणाताईंवर. त्या प्रयोगशाळेच्या मॅनेजर, पुण्याच्या. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस त्या माझ्याकडे ढुंकून पाहायच्या नाहीत. पण खंडेनवमीला टेक्का मार्केटमधून झेंडू आणून माझी पूजा करायच्या. मागे एकदा त्या म्हणाल्या होत्या, "पुण्यात लोक पान्याची पूजा करतात, शिलाई मशीनची करतात. आपल्याकडे तर खरोखरीचं शस्त्राचं सामान आहे. आपण नाही करायची तर कुणी?"

यंदाची खंडेनवमी नेमकी परीक्षेच्या दिवशी आली. एका खासगी सुरक्षा कंपनीचे चार पाहुणे दहा वाजता येणार होते. आमच्या समोर काडतुसं भरा आणि आमच्या समोर झाडा, अशी त्यांची अट होती. धम्मानंदनं मला नेहमीसारखं झाडून-पुसून ठेवलं आणि प्रायमर आणायला कुलूपबंद कोठाराकडे गेला. तिथे दोन सह्या लागतात, दहा मिनिटं जातात. माझी नळी रिकामी आणि वरून उघडी होती.

तेवढ्यात अरुणाताई तबक घेऊन आल्या. भिंतीवर पाटी आहे: आग नको, खाद्यपदार्थ नकोत. ताई नियमाच्या पक्क्या. निरांजन आणलंच नव्हतं. उदबत्ती न पेटवता नुसती ओवाळली. अक्षतांपाशी त्यांचा हात क्षणभर थबकला.

"अक्षता काही खाण्याची वस्तू नव्हे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि ओल्या कुंकवात माखलेले चार-पाच दाणे त्यांनी माझ्या डोक्यावर टाकले.

मी फुललो होतो, मित्रांनो. बिडाला फुलता येत असेल तेवढा फुललो होतो. त्या नादात एक दाणा गडगडत नळीत शिरला हे मला कळलं, आणि मी त्याचं काही मनावर घेतलं नाही. ताईंनी बाकीचे दाणे वेचून तबकात घेतले. मोजले मात्र नाहीत.

धम्मानंद परतला. झेंडूकडे पाहिलं, तो अलगद उचलून खिडकीत ठेवला, दांड्यावरचं कुंकू पुसलं, नाहीतर हात सटकला असता. मग नळीत चाळीस प्रायमर सोडले.

दहा वाजता पाहुणे आले. सोबत आमचे मालक मिस्टर कोह. पहिलं काडतूस झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला दांडा खाली आला आणि बुडात काहीच बसलं नाही. तळाला भोक तसंच उघडं, त्यातून दारूचे दाणे माझ्या पोलादी थाळीवर भुरुभुरु सांडले. चौथं ठीक. पाचव्याला पुन्हा भोक. एका पाहुण्यानं चष्मा काढून पुसला. दुसऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. ते पाहणं जास्त लागलं.

धम्मानंदनं काम थांबवलं. पाहुण्यांना कॉफी पाजून परत पाठवलं गेलं. मग मिस्टर कोह माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"धम्मा, यू चेक ऑलरेडी ऑर नॉट?"

"चेक्ड, सर. आठ वाजता."

"देन व्हाय लाइक दॅट?"

अरुणाताई मध्ये पडल्या. "सर, ही इज युज्वली व्हेरी केअरफुल."

त्या 'युज्वली'नं धम्मानंदच्या मानेची शीर हलली ती मी पाहिली. ताईंचा हेतू वाईट नव्हता. मदत करताना एक शब्द जास्त पडला, एवढंच.

मिस्टर कोह म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझा पास संपतो. रिन्यूअलचं पत्र मला पाठवायचंय. आज पाच वाजेपर्यंत कारण लिहून दे. कारण नसेल, तर मी काय लिहू?"

पास म्हणजे इथे राहून काम करण्याचा परवाना. तो गेला की नोकरी जाते, घर सोडावं लागतं, मुलांची शाळा सुटते. हे सगळं माझ्या त्या एका नळीत अडकलं होतं. आणि मी सकाळी फुललो होतो.

दुपारी दाराबाहेर त्याचा मोबाइल वाजला. तो उंबऱ्यापाशी उभा राहून बोलला. मुलगी होती, प्रियदर्शिनी, पाचवीतली. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, पुढच्या वर्षीचा फॉर्म टीचरला आज हवाय. साइन करून ठेवलायस ना? मी देते हं."

"उद्या दे."

"उद्या कॅनॉट. टुडे लास्ट डे लाह." 'लाह' हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

"प्रिया, थांब म्हटलं ना."

ती थांबली. मग हळूच म्हणाली, "वुई गोइंग बॅक, आह?"

"नाही गं. मशीन बिघडलंय नुसतं."

"देन रिपेअर लाह."

तो आत आला. आधी नळीतले उरलेले प्रायमर एकेक करून तबकडीत काढले. भरल्या नळीवर कधी हत्यार चालवायचं नसतं. मग शोध सुरू झाला. सरकपट्टी पूर्ण मागे येते का? येत होती. स्प्रिंग मऊ पडली आहे का? नव्हती. प्रायमरची नवीन खेप जाडीला वेगळी आहे का? मोजून पाहिली, तीही नव्हती. काडतुसांच्या बुडात मळ? भिंग लावून वीस बुडं पाहिली. पट्टीखाली दारूचे दाणे गेले असतील म्हणून ती सोडवून पुसली, परत बसवली, नळीत तीन टोप्या सोडून दांडा ओढला. दोन ठीक, तिसरं कोरं.

राहिलं होतं एकच ठिकाण: नळीच्या बुडाशी असलेली प्लास्टिकची चोच. टोपी तिच्यातूनच पट्टीवर पडते. पण ती चोच त्यानं गेल्याच आठवड्यात नवी घातली होती, स्वतःच्या हातानं. तिच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःवर घेणं. तो तिच्याकडे पाहायचा आणि पुन्हा स्प्रिंगकडे वळायचा. माणसांचं हे मी आठ वर्षांत शिकलो आहे: जिथे शेवटचा हात आपला लागला, तिथे सगळ्यात शेवटी पाहतात. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे चोच बघ. पण आतल्या आत ओरडणं यंत्राला सोपं असतं. त्याला किंमत पडत नाही.

चार वाजता त्यानं नळी पुन्हा रिकामी केली आणि चोच काढली. उजेडाकडे धरली. चिमट्यानं काहीतरी ओढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं.

लाल तांदूळ.

त्यानं हात पुसले. मग दार उघडून म्हणाला, "अरुणाताई, जरा येता?"

ताई आल्या. वाकून पाहिलं. "तांदूळ? कुणी डबा आणला होता आत?"

धम्मानंदनं कागद त्यांच्याकडे सरकवला. ताईंनी पुन्हा वाकून पाहिलं. या वेळी त्यांना कुंकू दिसलं. त्या खुर्चीवर बसल्या.

"अगं बाई."

"चोचीच्या काठाला चिकटला होता. कधी टोपी सोडायचा, कधी अडवायचा."

"आता काय लिहिणार तुम्ही?"

"कारण."

"'बाहेरचा कण' असं लिहा ना. खोटं नाही ते."

"खोटं नाही," धम्मानंद म्हणाला. "पण यंत्र माझ्या ताब्यात होतं, ताई. बाहेरचा कण म्हणजे मी आत जाऊ दिलेला कण. पत्रात तेच येईल."

घड्याळात सव्वाचार.

"मी तुमच्या पूजेला कधी काही म्हटलं नाही," तो म्हणाला. "मी करत नाही, तुम्ही करता. पण फूल तुमचं आणि चूक माझी, ही वाटणी मला नको."

यावर ताईंचा चेहरा जसा झाला, तसा माझा झाला असता, चेहरा असता तर. त्या उठल्या. कागद तांदळासकट उचलला आणि मिस्टर कोहांच्या खोलीत गेल्या. दार नीट लागत नाही त्या खोलीचं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"राइस?" मिस्टर कोह म्हणाले. मग कागद सरकल्याचा आवाज. "कुक्ड ऑर अनकुक्ड?"

"अनकुक्ड, सर. मी टाकला. आज सकाळी. पूजेत. धम्मानंद कोठारात गेला होता. सकाळी मी काय केलं ते मला आठवायला हवं होतं, आणि मी त्याच्यासाठी 'युज्वली' म्हटलं."

"यू प्रे टु द मशीन?"

"वन्स अ इयर."

त्यांच्या स्वतःच्या टेबलामागे एका लाल देव्हाऱ्यात तीन संत्री असतात, हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे.

"नेक्स्ट टाइम पुट ऑरेंज," मिस्टर कोह म्हणाले. "ऑरेंज कॅनॉट गो इनसाइड." मग आवाज बदलला. "पण रिपोर्ट तुम्ही लिहायचा. तुमच्या नावानं. आणि पाहुण्यांना फोनही तुम्हीच करायचा."

"हो, सर."

"धम्माचं पत्र मी आज पाठवतो."

ताईंनी रिपोर्ट माझ्याच टेबलावर उभ्या-उभ्या लिहिला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: पूजेतील तांदूळ, टाकणारी व्यक्ती, अरुणा. असा रिपोर्ट या इमारतीत याआधी लिहिला गेला नसावा. सही करताना त्यांनी अक्षर मोठं काढलं. मग धम्मानंदला म्हणाल्या, "ती चोच कशी काढतात ते मला दाखवा." त्यानं दाखवली. त्यांना चार वेळा जमलं नाही, पाचव्यांदा जमलं.

त्या गेल्यावर धम्मानंद दाराबाहेर जाऊन फोनवर दोनच शब्द बोलला: "फॉर्म दे." मग आत येऊन नळी भरली आणि चाळीस काडतुसं सलग भरली. एका दांड्याला एक टोपी. शेवटचं उचलून त्यानं बुड पाहिलं आणि म्हणाला, "हं."

आठ वर्षांतलं माझं ते पहिलं कौतुक. तेवढ्या 'हं'नं मी जसा शरमलो, तसा बंद पडूनही शरमलो नव्हतो.

मित्रांनो, तुमच्या घरी पंखा असेल, मिक्सर असेल, सायकल असेल. वर्षातून एकदा त्यांना फूल वाहा. आम्हाला ते आवडतं, नाही कशाला म्हणू. पण उरलेले दिवस साखळी पुसा, जाळी झाडा, तेल घाला. आणि तुमच्यासाठी हे काम कुणी रोज गुपचूप करत असेल, तर त्याला रुक्ष समजू नका.

आणखी एक. त्या दिवशी सहा तास एका भल्या माणसाकडे बोट रोखलेलं होतं आणि खरं कारण माझ्या पोटात होतं. मी गप्प राहिलो, कारण यंत्राला वाचा नसते. ही सबब मी रोज स्वतःला सांगतो. पण वाचा असती तरी पूजा करणाऱ्या हाताविरुद्ध मी बोललो नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. लाज वाटते ती त्याची.

तुम्हाला वाचा आहे. तुम्ही बोला.